पेशी मेल्या, पण कोणत्या मार्गाने? स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सिग्नलिंगचे प्रयोग कसे करावेत

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सातारा, कराड, सांगली या पट्ट्यात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट किंवा पीएच.डी. करणाऱ्याला हळदीचा अर्क किंवा करक्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) घेऊन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करावंसं वाटणं साहजिक आहे. अशा कामाचा साचाही ठरून गेला आहे. एमटीटी या रंगचाचणीत रंग कमी झाला, मरणाऱ्या पेशींना चिकटणाऱ्या ॲनेक्सिनने रंगलेल्या पेशी वाढल्या, प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या ब्लॉटवर फॉस्फो-एकेटीची (फॉस्फेट लागलेल्या, म्हणजे चालू असलेल्या एकेटीची) पट्टी फिकट झाली, की निष्कर्ष लिहिला जातो: ‘पीआय-३-के / एकेटी मार्गाद्वारे अपॉप्टोसिस घडतो.’

अपॉप्टोसिस म्हणजे पेशीचं आतल्या ठरलेल्या यंत्रणेने होणारं मरण, आणि पीआय-३-के / एकेटी ही पेशीला जगवणारी सिग्नलची साखळी. वरच्या तीन निरीक्षणांतून हे वाक्य सिद्ध होत नाही. पेशी मेल्या, त्या अपॉप्टोसिसने मेल्या आणि एकेटी दबल्यामुळेच मेल्या, हे तीन वेगळे दावे आहेत आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा आहे. तो कसा गोळा करायचा आणि कुठे पाय घसरतो, ते पुढे सांगितलं आहे. चाचणीचं द्रव्य म्हणून करक्युमिन धरलं आहे, पण पद्धत कोणत्याही अर्काला किंवा औषधाला लागू पडते.

आधी नकाशा

मरणाची यंत्रणा पेशीत कायम तयार असते. जगण्याचे सिग्नल तिला रोखून धरतात. मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलाला बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं छिद्रं पाडतात. बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल आणि एमसीएल-१ त्यांना अडवतात. बिम, बॅड, प्यूमा आणि नोक्सा ही प्रथिनं या अडवणाऱ्यांनाच निकामी करतात. छिद्र पडलं की सायटोक्रोम-सी बाहेर येतं, अपॅफ-१ ला चिकटतं, त्यातून कॅस्पेस-९ (कॅस्पेस म्हणजे इतर प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) जागं होतं आणि ते कॅस्पेस-३ व ७ ला तोडून कामाला लावतं. दुसरी वाट बाहेरून येते. ट्रेल किंवा फॅस रिसेप्टरवरून कॅस्पेस-८ सुरू होतं, आणि बिड या प्रथिनामार्फत तीही बऱ्याचदा मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोचते.

एकेटी बॅडच्या सेरीन-१३६ वर फॉस्फेट लावतं. मग १४-३-३ प्रथिन बॅडला पेशीद्रवातच धरून ठेवतं. एकेटी फॉक्सो-३-ए ला केंद्रकाबाहेर काढतं, त्यामुळे बिमचं जनुक वाचलंच जात नाही. एमडीएम-२ मार्फत ते पी-५३ लाही दाबतं. वाढीचे सिग्नल पोचवणारं ईआरके हे एन्झाइम बिमच्या लांब रूपाला फॉस्फेट लावून प्रोटिअसोमकडे, म्हणजे प्रथिनं मोडणाऱ्या यंत्राकडे, पाठवतं. म्हणजे एकेटी बिम तयार होऊ देत नाही आणि ईआरके तयार झालेलं बिम टिकू देत नाही. दोन मोठे मार्ग ज्या प्रथिनावर येऊन मिळतात, त्याची अँटिबॉडी यादीत सगळ्यात वर हवी. बीसीएल-२ आणि बॅक्स सगळेच बघतात. बिम बघणारे कमी, आणि खरी माहिती बऱ्याचदा तिथेच असते.

एनएफ-कप्पा-बी हा मार्ग एक्सआयएपी (कॅस्पेसांना रोखणारं प्रथिन) आणि बीसीएल-एक्सएल वाढवून पेशी वाचवतो. इस्ट्रोजेन रिसेप्टर बीसीएल-२ वाढवतो. जेएनके हा ताणाचा सिग्नल मात्र दोन्हीकडे झुकतो: थोडा वेळ चालू राहिला तर जगवतो, तासन्तास चालू राहिला तर मारतो. त्यामुळे जेएनके एकाच वेळेला तपासून काहीच सांगता येत नाही.

पायरी १: पेशी कोणत्या घ्यायच्या

पेशींची निवड म्हणजे प्रश्नाची निवड. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टर आहे, पी-५३ धड आहे, पीआयके-३-सीए जनुकात ई-५४५-के हा बदल आहे, त्यामुळे पीआय-३-के मार्ग मुळातच तापलेला असतो. आणि कॅस्पेस-३ नाही: त्याच्या जनुकातला ४७ बेसचा तुकडा गळालेला आहे. या पेशींवर कॅस्पेस-३ ची पट्टी शोधणं व्यर्थ आहे. त्या मरतात, कॅस्पेस-७ च्या जोरावर पार्प हे डीएनए दुरुस्तीचं प्रथिनही तुटतं, पण डीएनएच्या तुकड्यांची नेहमीची शिडी जेलवर दिसत नाही. ‘शिडी दिसली नाही, म्हणून अपॉप्टोसिस नाही’ असा निष्कर्ष एमसीएफ-७ वरून काढू नका. आणि एखाद्या प्रबंधात एमसीएफ-७ मध्ये तुटलेल्या कॅस्पेस-३ ची ठसठशीत पट्टी दाखवली असेल, तर पेशींची ओळख किंवा अँटिबॉडी यांपैकी काहीतरी चुकलेलं आहे.

एमडीए-एमबी-२३१ (पुढे नुसतं २३१) ट्रिपल निगेटिव्ह आहेत, म्हणजे त्यांत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर नाहीत आणि हर-२ वाढलेलं नाही. केरास जी-१३-डी आणि बीराफ जी-४६४-व्ही या बदलांमुळे ईआरके चढलेला असतो आणि पी-५३ बिघडलेला असतो. एमडीए-एमबी-४६८ मध्ये एकेटीला लगाम घालणारं पीटेन नाही, म्हणून एकेटी मोकाट असतो. एसके-बीआर-३ मध्ये हर-२ या वाढीच्या रिसेप्टरच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. एकेटीबद्दल बोलायचं असेल तर एमसीएफ-७ आणि एमडीए-एमबी-४६८ ही जोडी घ्या. ईआरकेबद्दल बोलायचं असेल तर २३१ हवीच. एकाच प्रकारच्या पेशींवरून ‘स्तनाचा कर्करोग’ असं सरसकट लिहू नये.

पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून मागवा. शेजारच्या लॅबमधून आलेला फ्लास्क फुकट असतो, पण त्यासोबत मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जीवाणू येऊ शकतो. त्याने मीडियम गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली तो दिसत नाही, आणि एनएफ-कप्पा-बी मात्र चालू करतो. सिग्नलिंगच्या कामात याहून मोठा शत्रू नाही. पेशी आल्याबरोबर आणि नंतर दर महिन्याला मायकोप्लाझ्मासाठी पीसीआर करा. तोवर पेशी वेगळ्या ठेवा.

मीडियमबाबत (पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवाबाबत) तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा. २३१ साठी एल-१५ मीडियम सुचवलेलं असतं, पण ते कार्बन डायऑक्साइडशिवाय वापरायचं असतं. ५ टक्के वायूच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवलं तर ते पिवळं पडतं आणि पेशी आम्लामुळे मरतात. तिथे डीएमईएम वापरा. दुसरं, एमसीएफ-७ च्या मीडियममध्ये मिलीला १० मायक्रोग्रॅम इन्सुलिन घालण्याची पद्धत आहे. इन्सुलिन पीआय-३-के / एकेटी थेट चालू करतं, म्हणून एकेटीच्या प्रयोगाआधी २४ तास सगळ्या प्लेटा बिनइन्सुलिनच्या मीडियमवर न्या. तिसरं, इस्ट्रोजेन रिसेप्टरचा प्रश्न असेल तर फिनॉल रेड नसलेलं मीडियम आणि चारकोलने धुतलेलं सीरम लागेल, कारण फिनॉल रेडचा इस्ट्रोजेनसारखा थोडा परिणाम होतो.

सुरुवातीच्या पॅसेजच्या (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाढवण्याच्या फेरीच्या) निदान दहा व्हायल गोठवा: प्रत्येकीत १० ते २० लाख पेशी, ९० टक्के सीरम, १० टक्के डीएमएसओ (एक द्रावक), मिनिटाला १ अंश या वेगाने गार करून. लिक्विड नायट्रोजनची सोय नसेल तर पशुसंवर्धन विभाग आणि दूध संघ यांच्याकडे चौकशी करा. कृत्रिम रेतनासाठी त्यांना तो नियमित लागतो, त्यामुळे पुरवठादार ठाऊक असतात. दोन व्हायल दुसऱ्या गावातल्या संस्थेत ठेवाव्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीचं काय केलं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तळमजल्यावरचा फ्रीझर हा एकमेव साठा असू नये.

पायरी २: द्रव्य

करक्युमिनचं रेणुवजन ३६८.४ आहे. ३.६८ मिलिग्रॅम १ मिली डीएमएसओत विरघळवलं की १० मिलिमोलरचा साठा होतो. त्यातला १ मायक्रोलिटर १ मिली मीडियममध्ये घातला की १० मायक्रोमोलर करक्युमिन आणि ०.१ टक्का डीएमएसओ. सगळ्या डोसांत डीएमएसओ ०.१ टक्काच राहायला हवा. म्हणून २५ मायक्रोमोलरसाठी साठ्यातून जास्त थेंब न घालता २५ मिलिमोलरचा वेगळा साठा करा. कंट्रोलमध्ये तेवढंच डीएमएसओ. साठा छोट्या भागांत, उजेडापासून लपवून, उणे २० अंशांवर.

बाजारात ‘करक्युमिन’ म्हणून मिळतं त्यात करक्युमिन साधारण तीन चतुर्थांश आणि बाकी त्याचे दोन भाऊबंद असतात. शुद्धता बाटलीवरून नोंदवा. घरचा अर्क असेल तर एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजण्याच्या यंत्राने) करक्युमिनॉइडचं प्रमाण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षीच्या हळदीने तोच निकाल मिळणार नाही.

करक्युमिन टिकतही नाही. ७.२ सामूच्या, सीरम नसलेल्या बफरमध्ये ३७ अंशांवर अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के विघटित होतं. १० टक्के सीरम असेल तर आठ तासांनी साधारण निम्मं उरतं. म्हणजे ४८ तासांच्या प्रयोगात पेशींनी मूळ करक्युमिन पहिले काही तासच पाहिलेलं असतं. सिग्नलिंगचे बदल त्या काळात शोधायला हवेत.

रुग्णांच्या घरचे लोक हळदीबद्दल विचारतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो. दिवसाला ८ ग्रॅम करक्युमिन तोंडाने दिल्यावरही रक्तातलं सरासरी कमाल प्रमाण २ मायक्रोमोलरच्या आतच आढळलं आहे. प्लेटमध्ये २५ मायक्रोमोलरला पेशी मेल्या, यावरून कुणालाही उपचार सोडून हळद घ्यायला सांगता येत नाही. प्रोजेक्टची बातमी करताना हे जरूर सांगा.

पायरी ३: डोस ठरवणं

९६ घरांच्या प्लेटमध्ये घरटी ५ ते ८ हजार एमसीएफ-७ पेशी पेरा, २४ तास चिकटू द्या, मग डोस द्या. कडेच्या घरांत फक्त पीबीएस (मिठाचं बफर) भरा. उन्हाळ्यात ती घरं लवकर सुकतात. डोस २४ आणि ४८ तास ठेवा. मग मीडियम काढून, एकदा हलकं धुऊन, मिलीला ०.५ मिलिग्रॅम एमटीटी घातलेलं ताजं मीडियम द्या. ३ ते ४ तासांनी जांभळे स्फटिक डीएमएसओत विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचा.

धुणं टाळू नका. पॉलिफिनॉल असलेले अर्क पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात आणि मग मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. प्रत्येक डोससाठी बिनपेशींचं एक घर ठेवलं की हे लगेच कळतं. उलट अडचणही आहे. एमटीटी चयापचय मोजतं, मरण नव्हे. पीआय-३-के दाबला की चयापचय मंदावतो, वाढ थांबते, आणि एकही पेशी न मरता रंग निम्म्यावर येऊ शकतो. म्हणून सोबत मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने जिवंत-मृत पेशी प्रत्यक्ष मोजा. पुढच्या कामासाठी २४ तासांत २० ते ४० टक्के मरण देणारा डोस निवडा. त्याहून जास्त असेल तर मार्ग तपासायला पेशीच उरत नाहीत.

पायरी ४: हे अपॉप्टोसिसच आहे का

सहा घरांच्या प्लेटमध्ये घरटी ३ लाख पेशी. मीडियममध्ये तरंगणाऱ्या पेशी फेकू नका. मेलेल्या पेशी आधी सुटतात. त्या नळीत धरा आणि ट्रिप्सिनने सोडवलेल्या त्यांतच मिसळा. ट्रिप्सिन कमीत कमी वेळ. जास्त झालं तर पटल फाटतं आणि धडधाकट पेशीही ॲनेक्सिन घेतात. पीबीएसने दोनदा धुवा, कारण ट्रिप्सिनसोबतचं ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं आणि कॅल्शियमशिवाय ॲनेक्सिन चिकटत नाही.

बाइंडिंग बफर: १० मिलिमोलर हेपीस (सामू ७.४), १४० मिलिमोलर मीठ, २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. १०० मायक्रोलिटरमध्ये १ लाख पेशी, ५ मायक्रोलिटर ॲनेक्सिन, ५ मायक्रोलिटर प्रोपिडियम आयोडाइड (पटल फाटलेल्या पेशींतच शिरणारा रंग), अंधारात १५ मिनिटं, मग ४०० मायक्रोलिटर बफर. तासाभरात वाचा. कंट्रोल: न रंगवलेल्या, फक्त ॲनेक्सिनच्या, फक्त प्रोपिडियमच्या (५५ अंशांवर १० मिनिटं तापवलेल्या) पेशी, आणि अपॉप्टोसिस घडवणारं स्टॉरोस्पोरिन (१ मायक्रोमोलर) दिलेल्या पेशी.

करक्युमिन स्वतः हिरवं चमकतं, नेमकं एफआयटीसीच्या (ॲनेक्सिनला जोडलेल्या नेहमीच्या हिरव्या रंगाच्या) खिडकीत. करक्युमिन दिलेल्या पण न रंगवलेल्या पेशी चालवून पाहा. त्याही ‘पॉझिटिव्ह’ दिसतील. म्हणून एफआयटीसीऐवजी लाल लेझरवर चालणारं ॲनेक्सिन-एपीसी घ्या आणि प्रोपिडियमऐवजी ७-एएडी.

एकेक पेशीचा रंग मोजणारा फ्लो सायटोमीटर जवळ नसेल तर ॲनेक्सिनचे नमुने बसने पुण्याला किंवा कोल्हापूरला नेण्यात अर्थ नाही. पोचेपर्यंत निम्मं मरण प्रवासाचं असेल. जिथे यंत्र आहे तिथेच प्लेट लावा. नाहीतर पेशी ७० टक्के गार अल्कोहोलमध्ये स्थिर करा. त्या उणे २० अंशांवर टिकतात, प्रवास करतात, आणि आरएनेज व प्रोपिडियम घालून सब-जी-१ (डीएनए कमी झालेल्या पेशींचा वाटा) मोजता येतो. हा पुरावा थोडा दुबळा आहे, एमसीएफ-७ मध्ये जास्तच, पण खोटा नाही.

खरी कसोटी पुढे आहे. द्रव्याच्या तासभर आधी २० ते ५० मायक्रोमोलर झेड-व्हीएडी-एफएमके द्या. हा सगळ्या कॅस्पेसांना रोखतो. मरण स्पष्ट घटलं तर अपॉप्टोसिस. घटलंच नाही तर ॲनेक्सिनचा आकडा काहीही असो, दुसरी वाट शोधा. फेरोस्टॅटिन-१ (१ मायक्रोमोलर) देऊन फेरोप्टोसिस (लोहावर अवलंबून असलेलं मरण) तपासणं हे पुढचं सोपं पाऊल.

पायरी ५: सिग्नल कधी बदलला

इथेच बहुतेक कामं ढासळतात. एकच वेळ घेतली जाते, तीही २४ तासांची. तोवर पेशी मरू लागलेल्या असतात आणि कॅस्पेस एकेटीलाच तोडतात. मग एकेटी कमी झाल्याने पेशी मेल्या, की पेशी मेल्याने एकेटी कमी झालं? ब्लॉट सांगणार नाही.

वेळा अशा घ्या: ०, १५ मिनिटं, ३० मिनिटं, १, ४, ८, २४ तास. आधीच्या वेळांना फॉस्फो-एकेटी (सेरीन-४७३ आणि थ्रिओनीन-३०८ दोन्ही), फॉस्फो-ईआरके, फॉस्फो-जेएनके बघा. ४ तासांपासून पुढे बिम, एमसीएल-१, पार्प, कॅस्पेस-७ व ९.

द्रव्य देताना मीडियम बदलू नका. ताज्या सीरमने १५ मिनिटांत ईआरके आणि एकेटी उसळतात आणि तो बदल तुम्ही करक्युमिनच्या नावावर लिहाल. दहापट तीव्र द्रव्य त्याच प्लेटच्या जुन्या मीडियममध्ये कालवून हळूच मिसळा. कंट्रोललाही डीएमएसओ तसंच. पेशी ६० ते ७० टक्के भरलेल्या असाव्यात, सगळ्या प्लेटांत सारख्या.

पेशी उचलताना प्लेट थेट बर्फावर, गार पीबीएसने धुऊन, बफर घालून खरवडा. ट्रिप्सिन नको. तरंगणाऱ्या पेशी इथेही सोबत घ्या. पेशी फोडणाऱ्या रिपा बफरमध्ये १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड, १ मिलिमोलर ऑर्थोव्हॅनाडेट आणि प्रोटिएज इनहिबिटर आयत्या वेळी घाला. ऑर्थोव्हॅनाडेट तसंच विरघळवून चालत नाही: सामू १० करा, पिवळा रंग जाईपर्यंत उकळा, गार करून पुन्हा सामू १०, असं रंग परत येईनासा होईतो. हे न केल्याने फॉस्फो पट्ट्या फिकट येतात आणि दोष अँटिबॉडीला दिला जातो. प्रथिन मोजून घरटी २० ते ३० मायक्रोग्रॅम चढवा. सॅम्पल बफरमध्ये ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळलेला लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) उणे २० ला टिकतो आणि प्रवासही करतो, त्यामुळे ब्लॉट दुसऱ्या गावात करायला हरकत नाही.

पार्प ११६ वरून ८९ किलोडाल्टनला तुटतं, कॅस्पेस-७ हे ३५ वरून २० ला. बिमचं लांब रूप २३ च्या आसपास, बॅक्स २० ते २१. लहान प्रथिनांना १५ टक्के जेल आणि ०.२ मायक्रॉनचा पडदा; ०.४५ मधून ती आरपार जातात. फॉस्फो अँटिबॉडीसाठी ब्लॉकिंगला दूध पावडर नको, त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे. ५ टक्के बीएसए आणि टीबीएस-ट्वीन वापरा. फॉस्फो-एकेटीची तुलना एकूण एकेटीशी करा. नुसत्या ॲक्टिनशी केली तर प्रथिनच कमी झालं की फॉस्फेट, हे कळत नाही.

पायरी ६: कारण सिद्ध करणं

पट्टी फिकट होणं म्हणजे सोबत घडणं. कारण दाखवायला मार्ग हाताने बंद आणि चालू करावा लागतो.

बंद करण्यासाठी एमके-२२०६ (१ मायक्रोमोलर) एकेटीला, ट्रामेटिनिब (१० ते १०० नॅनोमोलर) ईआरकेच्या वरच्या एमईकेला. एलवाय-२९४००२ आणि एसपी-६००१२५ स्वस्त आहेत आणि सगळीकडे दिसतात, पण दोन्ही इतर अनेक एन्झाइमांनाही धरतात. त्यांच्या एकट्याच्या आधारावर निष्कर्ष उभा करू नका. इनहिबिटर चालला की नाही हेही ब्लॉटवर दाखवा.

चार गट लावा: फक्त डीएमएसओ, फक्त करक्युमिन, फक्त एमके-२२०६, दोन्ही. एकेटी दबल्यानेच पेशी मरत असतील तर एकट्या एमके-२२०६ नेही साधारण तेवढंच मरण यायला हवं. एमसीएफ-७ मध्ये बहुधा येत नाही. पीआय-३-के / एकेटी बंद केला की त्या मुख्यतः जी-१ या पेशीचक्राच्या टप्प्यात थांबतात. एकेटी तेवढंच दबूनही करक्युमिन जास्त मारत असेल, तर एकेटी हे त्याचं पूर्ण स्पष्टीकरण नव्हे. हा निकाल निराश करणारा वाटतो, पण तो खरा आणि छापण्याजोगा आहे.

चालू करण्याची कसोटी सगळ्यात भक्कम. सतत चालू राहणारं, मिरिस्टॉइल जोडलेलं एकेटी पेशींत घाला, शेजारी रिकामा प्लाझ्मिड घातलेल्या पेशी ठेवा, मग करक्युमिन द्या. पेशी वाचल्या तर तुमचं म्हणणं उभं राहिलं. तसंच बिमसाठी एसआयआरएनए (जनुक गप्प करणारे छोटे आरएनए), तेही दोन वेगळ्या क्रमांचे. बिम काढल्यावर मरण घटलं तर साखळीचा पुढचा दुवा हाती आला.

एक मार्ग अडवला की दुसरा फुगतो, हेही मोजायला हवं. उसाला पाणी पाजताना एक दार लावलं की पाणी शेजारच्या सरीत शिरतं, तसंच. एकेटीच्या खालचा एमटॉर दाबला की त्याच्याही खालच्या एस-६-के कडून येणारा उलटा दाब सुटतो आणि एकेटी चढतो. पीआय-३-के दाबला की फॉक्सो मोकळा होऊन हर-३ हा हर-२ चा भाऊबंद रिसेप्टर वाढवतो. म्हणून एकेटीच्या प्रत्येक प्रयोगात ईआरके आणि हर-३ सोबत बघा, तेही २४ तासांपर्यंत. प्रत्यक्ष उपचारातही हा मार्ग एकटा अडवत नाहीत: पीआयके-३-सीए बदललेल्या, हार्मोन रिसेप्टर असलेल्या प्रगत आजारासाठी अल्पेलिसिबला (पीआय-३-के रोखणारं औषध) अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली ती फुल्व्हेस्ट्रंटच्या (इस्ट्रोजेन रिसेप्टर रोखणाऱ्या औषधाच्या) जोडीने.

निरोगी पेशींची तुलना म्हणून एमसीएफ-१०ए घेत असाल तर त्यांच्या मीडियममध्ये ईजीएफ (वाढीला चालना देणारं प्रथिन) आणि इन्सुलिन दोन्ही असतात हे लक्षात घ्या. त्या पेशी कमी मेल्या, तर श्रेय त्या मीडियमचंही असू शकतं.

पायरी ७: आकडे आणि नोंदी

एका प्लेटमधली सहा घरं म्हणजे सहा प्रयोग नव्हेत, तो एकच. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या पेशींवर निदान तीन वेळा करा आणि त्या तिन्हींच्या सरासरींवर गणित करा. अनेक डोसांची एका कंट्रोलशी तुलना असेल तर ॲनोव्हा आणि डनेट. सुटे टी-टेस्ट करत सुटू नका. पट्ट्यांची घनता मोजताना एक्सपोजर संपृक्त नको. काळ्याभोर पट्टीतला फरक सॉफ्टवेअरलाही दिसत नाही.

पूर्ण, न कापलेले ब्लॉट आणि फ्लोच्या मूळ एफसीएस फाइली दोन ठिकाणी जतन करा. सोबत पॅसेज क्रमांक, सीरमचा लॉट, द्रव्याचा लॉट, अँटिबॉडीचं प्रमाण आणि मायकोप्लाझ्मा चाचणीची तारीख. प्रयोगादरम्यान वीज गेली असेल आणि इन्क्युबेटरचं तापमान उतरलं असेल, तर तेही त्याच पानावर लिहा. त्या दिवसाची प्लेट मोजणीत धरायची की नाही, हे निकाल बघण्याआधी ठरवा.